साडेसात मिलिमीटर आणि बत्तीस सेंटिमीटर: आईला घेऊन सांगलीहून सॅन फ्रान्सिस्कोला

आईने पहिला प्रश्न विचारला तो तिकिटाच्या पैशांचा नव्हता आणि व्हिसाचाही नव्हता. तिने विचारलं, "अगं, पण किती लांब आहे ते?" दादा फ्रीमाँटला राहतो, सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टपासून पाऊण तासावर, आणि दोन वर्षं झाली तो म्हणतोय की आईला घेऊन ये, नात मोठी व्हायला लागली, आजी फक्त फोनच्या स्क्रीनमध्येच बघते. आई ७१ ची, बीपी आहे, थायरॉईडची गोळी आहे, गुडघे दुखतात आणि विमानात ती त्याआधी कधीच बसली नव्हती. मग मी जे सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर टाकलं, उत्तर आलं साधारण १३,५०० किलोमीटर. फ्लाइटचा वेळ साधारण १६ तास. मी आईला सांगितलं, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. ती म्हणाली, "म्हणजे किती?"

आणि खरंच, म्हणजे किती ते मलाही कळलं नव्हतं. पंढरपूर किती, कोल्हापूर किती, हे अंगात असतं, साडेतेरा हजार अंगात नसतं.

मुलाचा शाळेचा पृथ्वीगोल होता घरात, १२ इंची. त्यावर मी शिवणाचा दोरा लावला. एक टोक मुंबईवर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणून धरला की तो आपोआप सगळ्यात जवळच्या रस्त्यावर जाऊन बसतो. माझा आत्तापर्यंत समज होता की अमेरिकेला जायचं म्हणजे पश्चिमेला, अरबी समुद्र, युरोप, मग अटलांटिक, कारण भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे असते. दोरा तिकडे गेलाच नाही. तो मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघाला, लडाखवरून वर, शिंजियांग, सायबेरिया, मग पार आर्क्टिक महासागर, तिथे वळसा घेऊन अलास्काच्या उत्तर टोकाजवळून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली सॅन फ्रान्सिस्को. उत्तर ध्रुवापासून दीड हजार किलोमीटरच्या आत जातो तो दोरा! आई बाजूला बसून भाजी निवडत होती, ती पण बघायला आली. कारण साधं आहे, सॅन फ्रान्सिस्को आपल्या जवळजवळ पाठीमागेच आहे पृथ्वीच्या, मग डावीकडून जा नाहीतर उजवीकडून, वरून जाणंच जवळचं पडतं.

दोरा मोजला तर बत्तीस सेंटिमीटर आणि वर एक-दोन रेषा. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, गोलाचा घेर साधारण ९६ सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला चारशेच्या थोडं वर किलोमीटर. एकतृतीयांश पृथ्वी. मग आईनेच विचारलं, मग सांगली ते मुंबई किती येतं यावर? सरळ रेषेत ते ३१० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे गोलावर साडेसात मिलिमीटर. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. हे साडेसात मिलिमीटर लक्षात ठेवा, याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

तिकीट बघताना दोन पर्याय होते. एक म्हणजे मध्ये थांबून जाणं, दुबईवरून वगैरे, ते थोडं स्वस्त पडतं, आणि दुसरं थेट. एअर इंडियाने मुंबई-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं होतं, त्यामुळे आम्हाला थेटचा पर्याय होता. मी दोन्हीची बेरीज मांडून बघितली. मुंबई-दुबई १,९०० च्या वर, आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर, म्हणजे दुबईला थांबून फायदा काय तर दुसरा टप्पा जवळजवळ थेट विमानाइतकाच मोठा राहतो, वर उतरा, चढा, परत सिक्युरिटी, तीन-चार तास बसा. ज्येष्ठ माणसाला मध्ये पाय मोकळे होतात म्हणून थांबा बरा असं बरेच जण सांगतात आणि युरोपात थांबलात तर ते खरंय, कारण तिथे प्रवास बऱ्यापैकी दोन तुकड्यांत होतो. पण दुबईचं गणित तसं नाही. मी थेट घेतलं. आईला एकदा बसवलं की एकदाच उठवायचं, हा माझा विचार होता.

एक गोष्ट मला तिकीट काढताना खटकली होती. जायचा वेळ १६ तास दाखवतात आणि यायचा १७ च्या वर. अंतर तेच, विमान तेच, मग तास जास्त का? दादाला विचारलं तर तो म्हणाला, वारा. मला आधी ते पटलं नाही, एवढ्या मोठ्या विमानाला वारा काय करणार. मग वाचत बसले आणि त्यात मला २०१६ ची गोष्ट सापडली, ती मी आत्तापर्यंत किती जणांना सांगितली असेल. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने तेच विमान उलट्या बाजूने, म्हणजे म्यानमार, चीन, जपान करून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! लांबच्या रस्त्याने लवकर. कारण खूप उंचावर, ३०-४० हजार फुटांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदीच वाहत असते, तिला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात जपानवर ती सगळ्यात जोरात असते. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी फुगे सोडून हे वारे मोजले होते. विमान स्वतःच्या जोरावर ताशी ९०० किलोमीटरने जातं आणि भोवतालची हवाच दोनशेने पुढे पळत असली तर जमिनीच्या हिशेबाने ते अकराशेने जातं. उलट दिशेने यायचं तर तोच वारा तोंडावर, म्हणून परतीचं विमान त्याला टाळून उत्तरेकडून येतं.

म्हणजे पृथ्वीगोलावरचा दोरा जवळचा रस्ता दाखवतो, लवकरचा नाही. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग ते "साडेतेरा हजार भागिले नऊशे बरोबर पंधरा" वगैरे मी सोडून दिलं.

तारीख ठरली २९ जानेवारी २०२४, सोमवार, दुपारी अडीचच्या सुमाराचं विमान. तिकीट काढून झाल्यावर आईने कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "संकष्टी आहे गं त्या दिवशी." आई चाळीस वर्षं संकष्टी करते. मी म्हटलं प्रवासात चालतं नाही केली तर, डॉक्टरांनाही विचारलं, ते म्हणाले उपवासाचं खाणं आणि पाणी चालू ठेवून करत असतील तर हरकत नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. उपास सोडायचा चंद्रोदयाला. आता विमानात चंद्रोदय कधी आणि कुठला धरायचा, सांगलीचा की सॅन फ्रान्सिस्कोचा? आईने शेजारच्या गुरुजींना फोन केला, ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जिथे असाल तिथला चंद्र." मला ते उत्तर फार आवडलं.

गोळ्यांचं मात्र मी नीट कागदावर मांडलं, आणि कुणी आईवडिलांना घेऊन जाणार असेल तर हे जरूर करा. थायरॉईडची गोळी रोज सकाळी सहाला रिकाम्या पोटी, बीपीची रात्री नऊला. तिथे पोचल्यावर साडेतेरा तासांचा फरक, आपण पुढे. डॉक्टरांनी सांगितलं की प्रवासात घड्याळ बदलू नका, भारताच्या वेळेनेच गोळ्या द्या, पोचल्यावर एकदोन दिवसांत हळूहळू तिकडच्या वेळेवर आणा. म्हणून आईच्या हातातलं जुनं एचएमटीचं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवायचं ठरलं. ते घड्याळ पुढे फार उपयोगी पडलं.

आता ते साडेसात मिलिमीटर.

रविवारी रात्री साडेदहाला सांगलीतून गाडीने निघालो. रस्त्याने साधारण पावणेचारशे-चारशे किलोमीटर पडतं. महालक्ष्मी एक्सप्रेसने जायचा विचार केला होता, पण चार मोठ्या बॅगा, तेवीस-तेवीस किलोच्या, सीएसएमटीला सकाळच्या गर्दीत आईला आणि बॅगांना एकटीने सांभाळणं मला जमलं नसतं. पेठ नाक्याला लागेपर्यंत छान चाललं होतं, कराडच्या पुढे हायवेच्या रुंदीकरणाचं काम, डायव्हर्जन, परत डायव्हर्जन, साताऱ्यानंतर खंबाटकीत एक ट्रक बंद पडलेला, तिथेच तास गेला. आई मागच्या सीटवर पाय लांब करून, पण झोप नाही, कारण गाडी थांबली की तिला जाग. पुणं मागे टाकलं, एक्सप्रेसवेला फूड मॉलवर चहा (आईचा शेवटचा, मग उपास), पनवेलला उजाडायच्या बेताला, साडेसहाला वाशीला मावशीकडे. अंघोळ, साबुदाण्याची खिचडी, मावशीचं रडणं, आईचं तिला समजावणं. नऊला निघालो, आणि वाशीवरून अंधेरीच्या बाजूला सोमवारी सकाळी जाणं म्हणजे काय ते मुंबईकरांना सांगायला नको. साडेदहाला विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर. तिथून व्हीलचेअर घेतली, ती तिकिटातच मागून ठेवली होती, आणि ज्या मुलाने आईला नेलं त्याने इमिग्रेशन, सिक्युरिटी सगळीकडे इतक्या मायेने सांभाळलं की आईने त्याला आजीसारखा आशीर्वाद दिला. मग गेटवर बसणं. अडीच वाजता विमान हललं.

रविवारी रात्री साडेदहा ते सोमवारी दुपारी अडीच. सोळा तास! सोळा तासांत आम्ही साडेसात मिलिमीटर पार केलं होतं. पुढच्या सोळा तासांत बत्तीस सेंटिमीटर होणार होते. मी हे आईला विमानात बसल्यावर सांगितलं आणि ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग अवघड ते झालं की आता." मला तेव्हा जरा धीर आला, कारण मला वाटत होतं की अवघड ते अजून सुरूच व्हायचंय.

विमानात समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून ठेवला. दोरा गेला होता लडाखवरून, विमान निघालं पूर्वेला, बंगाल, म्यानमार, चीन. आईला उजवीकडची खिडकी मिळाली होती. अडीच तासांत सूर्य मावळला, तिच्या घड्याळात पाच वाजले होते. ती म्हणाली, एवढ्यात? आपण सूर्याच्या उलट पळतोय, तो पश्चिमेला आणि आपण पूर्वेला, म्हणून संध्याकाळ लवकर गाठ पडते, हे मी तिला सांगितलं. जेवण आलं, तिने फक्त फळं आणि दही घेतलं.

साडेसातच्या सुमाराला, म्हणजे घड्याळातल्या साडेसातला, जपान अजून यायचं होतं, दिवे बंद केलेले, मी डुलकी काढत होते आणि आईने माझा हात हलवला. खिडकीत चंद्र होता. चतुर्थीचा, एका बाजूने थोडा झिजलेला, पिवळा, आणि खाली ढगांचं पठार त्याच्या उजेडात. सांगलीत त्या दिवशी चंद्रोदय रात्री नऊनंतर होता. आईने घड्याळ बघितलं, खिडकीत बघितलं, परत घड्याळ बघितलं. "साडेसातलाच कसा?" मी म्हटलं, आई, जिथे आहोत तिथला चंद्र. तिने हात जोडले, अथर्वशीर्ष पुटपुटली, पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला. शेजारच्या सीटवर एक तेलुगू गृहस्थ होते मुलीकडे निघालेले, त्यांनाही एक लाडू दिला, त्यांनी काहीही न विचारता कपाळाला लावून खाल्ला. मी हा प्रवास विसरले तरी हे विसरणार नाही.

जपानजवळ स्क्रीनवर वेग बघितला तर ताशी ११०० च्या वर. मी फोटो काढून ठेवलाय. विमान थोडं हादरत होतं तिथे, वाऱ्याच्या कडेकडेने गेलं की हादरतं म्हणतात, आई रामरक्षा म्हणत होती पण घाबरली नव्हती.

शरीराचं काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण किलोमीटर आणि तास सगळे सांगतात पण हे कुणी सांगत नाही. विमानाच्या आत जो हवेचा दाब ठेवतात तो समुद्रसपाटीचा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्याही वर सोळा तास बसून राहायचं, वर हवा कोरडी ठाक. म्हणून घसा सुकतो, ओठ फुटतात, पोट फुगतं, पाय सुजतात. आईला मी डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घातले होते गुडघ्यापर्यंतचे, आणि दर दीड-दोन तासांनी उठवून मागच्या बाजूच्या मोकळ्या जागेपर्यंत चालवत नेत होते. पहिल्यांदा तिला लाज वाटली, झोपलेल्या लोकांमधून कसं जायचं, मग तिथे अजून दोन आज्या भेटल्या, एक नागपूरच्या, एक सुरतच्या, तिघींचा तिथे चांगला कट्टाच जमला. पाणी दर तासाला थोडं थोडं. बाथरूमला जावं लागतं म्हणून पाणीच प्यायचं नाही असं बऱ्याच बायका करतात, आईनेही आधी तेच ठरवलं होतं, पण कृपा करून करू नका. चपला सैल घ्या. मी आईला नवे बूट घेतले होते, उतरताना ते पायात जाईनात, शेवटी चपलेवरच उतरली.

पॅसिफिकवर काही दिसत नाही. तासन्तास निळा नकाशा आणि त्यावर छोटं विमान, हा भाग खरंच लांब वाटतो. अकराव्या-बाराव्या तासाला माणूस कंटाळतो, झोपही येत नाही आणि जागही नीट नसते. त्याच्या थोडं आधी सूर्य उगवला. आईच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले होते आणि बाहेर केशरी पट्टा. रात्र फक्त सात तासांची झाली. आणि तिथेच कुठेतरी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. रेषेच्या अलीकडे मंगळवारची पहाट होती, पलीकडे गेलो की सोमवारची. मंगळवार उजाडता उजाडता परत सोमवार झाला. आईला हे समजावताना मी लाडूच्या डब्यावर बोटाने गोल काढून दाखवला, तिला पूर्ण पटलं नाही, पण तिने एक विचारलं: "मग संकष्टी परत लागते का?"

मला उत्तर देता आलं नाही.

सोमवारी दुपारी अडीचला निघालो आणि सोमवारीच संध्याकाळी पाचला उतरलो. घड्याळाने अडीच तास, शरीराने सोळा. इथे एक चूक झाली होती ती सांगते, कारण दुसऱ्या कुणाची होऊ नये. मी दादाला आधी मेसेज करताना "मंगळवारी पोचू" असं लिहिलं होतं, सवयीने एक दिवस पुढे धरला. त्याने तिकीट बघितलं म्हणून बरं, नाहीतर आईला घेऊन मी तिथे बसून राहिले असते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाताना तारीख बहुतेक तीच राहते, येताना दोन दिवस पुढे जाते. तिकिटावर तारखेच्या बाजूला बारीक अक्षरात अधिक एक, अधिक दोन लिहिलेलं असतं ते नीट बघा.

उतरताना सूर्य खाली आला होता, त्या सोमवारचा दुसरा सूर्यास्त. इमिग्रेशनला रांग होती पण व्हीलचेअरमुळे लवकर झालं, बोटांचे ठसे, फोटो, किती दिवस राहणार, कुणाकडे. बॅगेतले मसाले, भाजणी सगळं आधीच लिहून दिलं होतं, विचारलं तर सांगितलं. बाहेर दादा, वहिनी, नात. तो प्रसंग मी लिहीत नाही. तो आमच्या घरातच राहू दे.

फ्रीमाँटला घरी पोचलो तेव्हा पावणेआठ. सांगलीतलं दार बंद केल्यापासून फ्रीमाँटचं दार उघडेपर्यंत पावणेपस्तीस तास. त्यातले आकाशातले सोळा. विमानाचा वेळ विचारला की सगळे सोळा सांगतात, आणि सोळा ऐकून माणूस तयारी सोळाची करतो, पण खेड्यापाड्यातून, जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या माणसाचा प्रवास मुंबईहून सुरू होत नाही. आई दमली ती गाडीत दमली. खंबाटकीत दमली.

रात्री नऊनंतर वहिनीने गॅलरीचं दार उघडलं तर पूर्वेच्या टेकड्यांवर चंद्र. तोच, चतुर्थीचा, त्याच तारखेला दुसऱ्यांदा उगवलेला. आईने परत हात जोडले आणि नातीला दाखवला.

पुढे साडेतीन महिने राहिलो, माझं काम लॅपटॉपवरचं आहे त्यामुळे मला जमलं. आईला सात-आठ दिवस दुपारी झोप आणि रात्री दोनला जाग, हे चाललं. पण एचएमटीच्या घड्याळाची गंमत तिने स्वतः शोधून काढली. साडेतेरा तासांचा फरक म्हणजे काट्याच्या घड्याळात फक्त दीड तासाचा फरक! बारा तास गेले की काटे परत तिथेच. म्हणून तिच्या घड्याळात साडेसात वाजले की इथे सहा, फक्त दिवसाची रात्र करायची. तिला मोबाईल बघावाच लागायचा नाही, वाशीला मावशीला फोन कधी करायचा ते ती घड्याळावरून सांगायची. त्या वर्षी मार्चच्या १० तारखेला तिकडे सगळ्यांनी घड्याळ एक तास पुढे केलं, उन्हाळ्याची वेळ, तेव्हापासून फरक साडेबारा तास, म्हणजे काट्यावर फक्त अर्धा. आई म्हणाली, "सांगली जवळ आली."

परत आलो मेच्या मध्यात, शनिवारी रात्री नऊला निघालो. यावेळी विमान खरंच दोऱ्यासारखं गेलं, किनाऱ्याने सरळ उत्तरेला, कॅनडा, अलास्का, मग वरून वळून सायबेरिया. आणि रात्र झालीच नाही. मे महिन्यात तिकडे वर सूर्य जेमतेम टेकतो न टेकतो, त्यामुळे खिडकीच्या कडेला लाल-केशरी पट्टा जो लागला तो गेलाच नाही, उलट वाढत गेला, खाली बर्फाचे तुकडे तुकडे झालेला समुद्र. आई तासभर कपाळ काचेला लावून बघत होती. स्क्रीनवर बाहेरचं तापमान उणे साठच्या आसपास. दादाने सांगितलं होतं की विमानाचं इंधन साधारण उणे चाळीस-पंचेचाळीसला गोठायला लागतं, म्हणून वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवतात, फार गार झालं की खाली येतात किंवा वेग वाढवतात. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं होतं, ते मी आईला त्या खिडकीत सांगितलं. तिने नातीसाठी सगळ्यांची नावं लिहून घ्यायला सांगितली.

सतरा तासांच्या वर लागले, आणि मुंबईत उतरलो सोमवारी पहाटे अडीचच्या सुमाराला. शनिवारी रात्री निघून सोमवारी पहाटे. जानेवारीत एक सोमवार जास्तीचा मिळाला होता, मेमध्ये आमचा रविवार असा जमिनीवर झालाच नाही.

तेव्हा मात्र मी शहाणपणा केला, पहाटे लगेच सांगलीला निघालो नाही. वाशीला मावशीकडे गेलो, दोन दिवस राहिलो, आईचे पाय उतरले, झोप थोडी जागेवर आली, मग बुधवारी सकाळी उजेडात, मध्ये तीनदा थांबत, आरामात सांगली. तोच साडेसात मिलिमीटर, पण आई दमली नाही. जाताना पण हेच करायला हवं होतं.

दादा आता पुढच्या डिसेंबरचं विचारतोय. आई तयार आहे. मी यावेळी विमानाच्या आधी दोन दिवस वाशीचे धरलेत, बूट नाही, सैल चपलाच, आणि खिडकी जाताना उजवीकडची. आईने कॅलेंडर मागवून ठेवलंय, म्हणाली, तिकीट काढायच्या आधी मला संकष्टी बघू दे, जमली तर त्याच दिवसाचं काढ.